एक्केचाळीस नंबरचं रक्त

ताटात तूप पडू लागलं की "स्वल्प, स्वल्प" म्हणायचं आणि हात मात्र आडवा धरायचा नाही, ही अण्णांची रीत. बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते लोकांच्या रक्तातली चरबी मोजत. म्हणजे जगाने तूप कमी खावं याचा पुरावाच गोळा करत.

मी त्यांचा मदतनीस. तीन शहरांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हृदयविकारावर चार वर्षांचं काम काढलं होतं. कारखान्यातल्या कारकुनांचं रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. नळी खिडकीशी धरून अण्णा निदान करत, "हा काल चिकपेटेत लग्न जेवून आलाय. बघ, पार ताक झालंय!"

सुरुवातीलाच एक माणूस कमी पडला. अण्णांनी बाही वर केली. "घे माझं. मी काय माणूस नाही?" ते एक्केचाळीस नंबर झाले. त्यांचा आकडा यादीत सगळ्यात मोठा निघाला. मी घाबरलो. त्यांनी स्वतः पुन्हा तपासला आणि म्हणाले, "बरोबर आहे. लिही."

त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, जयनगरच्या घरी तुपाचं भांडं लपवू लागल्या. अण्णांनी नियमांचा छापील कागद पुढे केला. काम संपेपर्यंत कुणी आहार बदलायचा नाही, असं त्यात होतं.

"मध्येच तूप सोडलं तर सगळ्या आकड्यांचं वाटोळं. सरी? पटलं?"

त्यांची विज्ञानावरची निष्ठा कुठे संपत होती आणि तुपावरची कुठे सुरू होत होती, हे मला कधीच कळलं नाही. दर सहा महिन्यांनी सुई टोचताना मी म्हणे, "अण्णा, तुमचा नंबर काढून टाकू या." ते म्हणत, "कारकुनांना नियम आणि आपल्याला सवलत होय रे?"

शेवटचं रक्त घ्यायला तीन आठवडे उरले होते. प्रयोगशाळेचा जिना चढताना अण्णा मध्येच पायरीवर बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो.

एक्केचाळीस नंबर कोण होता आणि कसा गेला, ते मी मुख्य प्रयोगशाळेला कळवलं. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. प्रयोगशाळेतल्याच कर्मचाऱ्यांचं रक्त मोजणीत धरता येत नाही, सबब एक्केचाळीस नंबर वगळावा. नियम पहिल्यापासून होता, त्याच कागदाच्या पाठीमागे छापलेला. चार वर्षांत तो कागद आम्ही दोघांनीही उलटून पाहिला नव्हता.

त्या रविवारी अक्कांनी जेवायला बोलावलं. भात वाढताना त्यांनी विचारलं, "ह्यांचे आकडे उपयोगी पडले ना रे?"

"फार उपयोगी पडले, अक्का."

त्या तूप वाढू लागल्या. मी "स्वल्प" म्हणालो. हात काही आडवा धरवला नाही.