वडिलांच्या नावाची चौकट

आमच्या दवाखान्याचं नोंदणीचं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं, ते गृहस्थ दर गुरुवारी एसटीने नाशिकला यायचे. आता सगळं बाहेरूनच दुरुस्त होतं, कुणी येत नाही. पण गुरुवार आला की मला त्यांची आठवण होते.

प्रोग्राममधल्या फंक्शनबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "सेव्ह दाबलं ना ताई, की तपासणीच्या फंक्शनला हाक जाते. ती येऊन एकेक चौकट बघते. लाल चांदणीची, म्हणजे सक्तीची, एक जरी रिकामी दिसली, तर पुढे सोडत नाही."

एकदा माझ्या नोंदणीच्या टेबलाशी बसून जुन्या नोंदी चाळताना ते थांबले. "ताई, इतक्या मुलांच्या वडिलांच्या नावात नुसतं टिंब कसं?"

"काही बायका ते नाव सांगत नाहीत," मी म्हणाले. "फॉर्म अडतो आणि मूल तापाने फणफणलेलं असतं. मग मी टिंब टाकते."

मला वाटलं, रागावतील.

"म्हणजे तुम्हाला खोटं लिहायला मीच लावलं," ते म्हणाले आणि त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. तासाभरात त्या चौकटीची चांदणी निघाली आणि आईच्या नावापुढे लागली.

दुपारी द्राक्षबागेत काम करणारी एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सवयीने मी वडिलांचं नाव विचारलं, तशी तिने मान खाली घातली. माझ्या शेजारी बसलेले ते हळूच म्हणाले, "राहू द्या. तुमचं नाव सांगा."

"माझं चालतंय?"

"तुमचंच लागतं."

केसपेपर हातात पडल्यावर मुलीने आईचं नाव अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं.

"परत वाच," बाई म्हणाली.