आरशावरचा पडदा

माझी धाकटी बहीण लग्न ठरलेल्या जोडप्यांना नाच शिकवते. लग्नानंतरच्या जेवणाला सगळ्यांदेखत नवरा-बायकोनं जो पहिला नाच करायचा असतो, तो. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची लांबट खोली, एका भिंतीला छतापर्यंत आरसा, आणि कोपऱ्यात मी, गाणी लावायला. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. तिचा आवाज कधी चढत नाही. कोणी चुकलं की गाणं थांबवायला लावते आणि नुसती बघते. त्या नजरेला भलेभले टरकतात. मी तिच्या उलट. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक आहे.

एक दिवस दातांची डॉक्टर असलेली एक गोड मुलगी आली, आणि मागून तिचा होणारा नवरा. त्याला बघून माझ्या हातातला चहा सांडला. काही वर्षांपूर्वी याचं माझ्या बहिणीशी लग्न ठरलं होतं. हॉल ठरला, कपडे शिवून झाले, आणि ऐन वेळी यानं मामाकरवी निरोप धाडला, की नाच करणारी मुलगी आमच्या घरात शोभायची नाही. स्वतः आला नाही, फोन उचलला नाही. बहीण मला एकदाच म्हणाली होती, "नको म्हणाला त्याचं काही नाही गं. पण समोर येऊन चुकलं म्हणायला काय झालं होतं?" त्या एका शब्दासाठी ती इतकी वर्षं आतल्या आत जळत होती.

आणि हा निलाजरा बहिणीला म्हणतो काय, "अरे, तू होय? बरं झालं, ओळखीचंच निघालं. झालं गेलं विसरून जाऊ."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" मुलीनं विचारलं. तिच्या कानावर काहीच नव्हतं.

"लांबची ओळख," तो म्हणाला. मी त्याला जिन्यावरून ढकलणारच होते, पण बहीण शांतपणे म्हणाली, "या. बूट बाहेर काढा."

ते गेल्यावर ती म्हणाली, "यांच्यासाठी मी आरशावर पडदा ओढणार नाही."

नाच शिकणारा माणूस आरशाला चिकटतो. पाय कुठे, हात कुठवर, सगळं आरशात बघून करतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात बहीण आरशावर पडदा ओढते. मग पोरं धडपडतात, रडकुंडीला येतात, आणि त्यातूनच नाच अंगात मुरतो. हॉलमध्ये काही आरसा नसतो.

"चांगला तोंडघशी पाडू त्याला," मी म्हटलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "पण त्या मुलीचं काय?"

"ती हुशार आहे. सावरून घेईल."

पडदा शेवटपर्यंत बाजूलाच राहिला. आरशात बघून तो इतका झकास नाचायला लागला, की स्वतःवरच खूष. "लोक उगाच बाऊ करतात याचा," असं मलाच सांगायचा. "तुमच्या अंगातच आहे हो," मी म्हणायचे. हे म्हणताना मला किती कष्ट पडत, ते माझं मला माहीत.

लग्नाच्या दुपारी हॉल खच्चून भरला होता. गाणं लावायला मी होतेच, शेजारी बहीण उभी. सुरुवातीच्या गिरक्या बऱ्या गेल्या. मग त्यानं सवयीनं समोर बघितलं, तर समोर आत्या, काका आणि जेवणाच्या प्लेटा. तो गडबडला, मुलीच्या पायावर पाय दिला. कोणीतरी फिसकन हसलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात तो तिच्यावर खेकसला, पुढच्या खुर्च्यांना ऐकू जाईल असा. "एवढं साधं जमत नाही तुला? शोभा केलीस माझी." मुलीचं तोंड एवढंसं झालं.

खड्डा आम्ही त्याच्यासाठी खणला होता, आणि त्यानं तिला पुढे ढकललं होतं.

बहीण गर्दीतून वाट काढत गेली आणि मुलीच्या पाठीमागे, बरोबर त्याच्यासमोर जाऊन नाचायला लागली. त्याचाच नाच, पण उलटा. त्याचा डावा पाय, तिथे हिचा उजवा. त्याला हवा होता तो आरसा ती स्वतः झाली. त्यानं तिच्यावर जी नजर लावली, ती काढलीच नाही. तिनं हात उचलला की त्याचा उठायचा. नव्या बायकोच्या खांद्यावरून नवरा कुठे बघतोय, म्हणून त्याची आईसुद्धा मान वळवून बघायला लागली.

शेवटी दोघांनी नुसतं थांबायचं होतं. बहीण थांबली नाही. तिनं गुडघे टेकले. त्यानंही टेकले. तिनं दोन्ही कान धरले. त्यानंही धरले, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. बायकोवर खेकसला म्हणून माफी मागतोय, असं सगळ्यांना वाटलं. नवरीलाही तसंच वाटलं, ती हसली. आता कान सोडायची सोय उरली नव्हती. बहीण उठून उभी राहिली, आणि तो तसाच खाली, कान धरून, तिच्याकडे बघत. मी गाण्याचा शेवटचा तुकडा परत लावला.

नंतर हात धुवायच्या जागी त्यानं बहिणीला गाठलं. मी शेजारीच होते. "मुद्दाम केलंस ना?"

"हो. पडदाही मुद्दामच ओढला नाही. ते आज मी तुझ्या बायकोला सांगणार आहे. आपलं लग्न कसं मोडलं, तेही."

त्याचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघून तो पुटपुटला, "चुकलं माझं. झालं समाधान?"

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो ऐकून बहिणीनं नळ बंद केला आणि हात पुसले. "मला सांगून काय उपयोग आता? जिच्यावर खेकसलास तिला जाऊन सांग. कान न धरता."

तो निघाला. मी त्याच्या मागोमाग गेले. म्हटलं, ऐकल्याशिवाय हलायचं नाही.