तांडेलिणीचा अबोला

तांडेलीण गप्प बसलेली मी त्या सकाळी प्रथमच पाहिली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

बेटावरच्या किल्ल्यावर मी दरवर्षी जाते. का जाते, हे विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. गुडघे माझे आहेत. किल्ल्याचा पुढचा बुरूज कधीचा ढासळलाय. त्याचे दगड पाण्यात पडलेत आणि भरतीला ते दिसत नाहीत. धक्क्याला लागायचं तर त्यांना वळसा घालूनच जावं लागतं. ते काम तांडेलाचं. लाँच त्याची, त्याच्या आधी त्याच्या बापाची. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. जमिनीवर चालताना मला गरगरतं, असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. एकदा मी किल्ल्यात पाय मुरगळून बसले, तर त्याने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून खाली आणलं. वर म्हणाला, “बाई, शिकलेलं माणूस जड असतं.”

बोलण्याचं खातं बायकोकडे. ती चाकाशेजारी खोक्यावर बसून तिकिटं फाडायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. “माझ्या माहेरी असला वारा नसतो बाई. माहेर ते माहेर.” थोड्या वेळाने, “सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ही बया नुसती बसून खाते.”

“म्हणाल्याच असत्या,” तांडेल मान न वळवता म्हणायचा. लोक हसायचे. मीही हसायचे. तिकिटात करमणूक फुकट.

त्या दिवशी हवा कोंदट होती आणि पाण्यावर धुरकट पडदा होता. आम्ही चारच जण: एक नवं जोडपं, कडेवर मुलगी घेतलेला एक गृहस्थ, आणि मी. किनारा मागे दिसेनासा झाला, तरी तांडेलीण पदराचं टोक दातांत धरून बसलेली.

“काय गं, आज माहेर-सासर बंद?”

“अबोला धरलाय ह्यांच्याशी.”

“लाँचवर? घरी धरायचा.”

ती माझ्याकडे सरकली. इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं मलाच ऐकू येत होतं. “ह्यांना दिसत नाही बाई.”

“म्हणजे चष्मा लागला?”

“चष्मा कसला. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यात सगळा धूर. दोन वर्षं लाँच मी चालवतेय, तोंडाने. तो किनारा माझ्या माहेरचा, हा ह्यांच्या गावचा. माहेर म्हटलं की तिकडे वळायचं, सासू काढली की इकडे. परतताना आपल्या बाजू फिरतात, गावं थोडीच फिरतात?”

दोन वर्षं मी ज्याला हसत होते ते सुकाणू होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरा डोळा वाचेल, पण आत्ता ऑपरेशन केलं तर. तांडेल म्हणाला, हंगाम संपू दे. मग हिने त्याच्याच डोळ्यांची शपथ घेतली: तुमचा हात चाकावर आहे तोवर तुमच्याशी शब्द बोलणार नाही, बोलले तर ते डोळे जातील.

“वाटलं, माझ्या बोलण्याशिवाय लाँच सोडणारच नाहीत. सोडली.”

“मग तू कशाला चढलीस?”

“बुडाले तर एकटे बुडू नयेत.”

“आणि आम्ही गं?”

“तुम्हाला आता कळलंय,” ती म्हणाली. “बघा काही होतंय का.”

तेवढ्यात धुक्यातून किल्ल्याची भिंत वर आली. काळी, ओली, हवी त्यापेक्षा फार जवळ. तांडेलाने वेग कमी केला नव्हता. तो मान तिरकी करून उभा होता, दाराशी कान लावल्यासारखा.

“आज माहेरची आठवण नाही का कुणाला?” तो म्हणाला. गमतीचा सूर होता, पण आवाज पातळ झाला होता.

तांडेलिणीने डोळे मिटले.

“मला सांग, मी त्याला सांगते,” मी म्हटलं.

“ते बोलणंच झालं.”

“शपथेपायी माणसं बुडवायची असतात का? सांग.” ती हलली नाही. मग मीच उठले. “तांडेल, लाँच थांबवा. पुढे दगड आहेत.”

“बाई, बसा. मधे बोलू नका,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

मुलीचा बाप आमच्याकडे बघायला लागला. नव्या नवरीने नवऱ्याचा दंड धरला. तांडेलाने आणखी थोडी वाट पाहिली आणि इंजिन बंद केलं. मग दगड ऐकू आले. पाणी त्यांच्यात शिरत होतं आणि चूळ थुंकल्यासारखं बाहेर पडत होतं. लाँच आपसूक तिकडेच सरकत होती.

“अगं,” तांडेल म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “मला काही दिसत नाही. काहीच नाही.”

तांडेलीण उठली. “सोडा,” ती म्हणाली, आणि चाकावर झडप घातली.

तिच्या हातांना ते कधी माहीतच नव्हतं. रस्ता पाठ, पण हात कोरे. तांडेल तिच्या मागे उभा राहिला. “इंजिन लाव. हलकं. आवळू नकोस, त्याला तुझी गरज आहे, तुझ्या जोराची नाही.” ती वळवत होती, तो सांगत होता. खाली काहीतरी लांबलचक खरवडत गेलं, लाकडाला नखं लागावीत तसं. मग ते थांबलं आणि आम्ही धक्क्याला लागलो. त्या दिवशी किल्ला कुणीच पाहिला नाही.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता. आता तांडेलाला दारातला उजेड कळतो, दारातलं माणूस कळत नाही. लाँच जावयाकडे आहे. तांडेल अंगणात बसतो. त्याला अजून गरगरतं, पण तो आता हसत नाही.

मी गेले की तांडेलीण मला स्वयंपाकघरात ओढते आणि पाणी द्यायच्या आधी तेच विचारते. “बाई, मी ‘सोडा’ म्हणाले तेव्हा ह्यांचा हात चाकावर होता का?”

मी जवळ उभी होते. हात होता. शपथांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तिचा आहे.

“नव्हता,” मी म्हणते.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.