जगूबुवांचा परत आलेला नारळ

रविवार, कार्तिक महिना, संध्याकाळ. जागा: भाट्याच्या किनाऱ्याजवळ सावंतांच्या हॉटेलामागचं अंगण. हजर: अध्यक्ष देसाईकाका, जागा देणारे सावंत, ध्वनियंत्रणा सांभाळणारे मकबूलभाई, शाळेत संगीत शिकवणारी अनघा, आणि चिटणीस म्हणून मी. विषय: यंदाच्या मोसमातल्या शनिवारच्या मैफली.

एवढं लिहिलं आणि पुढचं इतिवृत्त लिहिता येईना. म्हणून हे लिहायला घेतलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा नुसती दमले असेन. एखादी गोष्ट दडवून ठेवायलाही रोज थोडं काम करावं लागतं, आणि मी ते बरीच वर्षं न चुकता केलंय.

मी कामसू बाई आहे, हे गावात कोणीही सांगेल. घरात फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, मोबाइलमध्ये यादी. आमच्या समितीचं आज जे काही नाव झालंय त्यात या याद्यांचा वाटा आहे, हे खोटं नम्रपण न करता सांगते. आमची कल्पना साधी होती. रत्नागिरीत गाणारी-वाजवणारी माणसं खूप, पण त्यांना बोलावतं कोण? गणपतीत घरोघरी भजनं होतात, शिमग्यात नमन-खेळे होतात, आणि एरवी हीच माणसं रिक्षा चालवतात, बागेत फवारणीला जातात. पर्यटक येतात, किनारा बघतात, मासे खातात आणि अंधार पडला की खोलीत जाऊन टीव्ही लावतात. त्याऐवजी त्यांना इथलं गाणं ऐकवलं तर? ते एक दिवस जास्त राहतील, खानावळ चालेल, रिक्षा चालेल, गजरेवाल्या बायकांचे गजरे उरणार नाहीत, आणि पखवाज वाजवणाऱ्या पोराला मुंबईला वॉचमनची नोकरी शोधावी लागणार नाही. हे मी हॉटेलवाल्यांना, नगरसेवकांना, रोटरीतल्या मंडळींना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. आपल्या माणसांवर विश्वास ठेवा – हे माझं शेवटचं वाक्य असायचं.

आणि हे सगळं झालंही. शनिवारी सावंतांचं अंगण भरतं. ही खोटी गोष्ट नाही. खोटं दुसरीकडे आहे.

आजच्या सभेत अनघा म्हणाली, "मोसमाची सुरुवात डबलबारीने करूया का? आणि एका बाजूला जगूबुवांना बसवूया."

डबलबारी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, दोघांच्या मागे आपापला पखवाजवाला, झांजवाला, कोरस. आळीपाळीने गायचं, समोरच्याच्या गाण्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं, चिमटे काढायचे. लोक जितके सुरांना येतात तितकेच या चिमट्यांना. यात एक गोष्ट पक्की असते. आयोजकाने बुवाच्या हातात नारळ दिला आणि त्याने तो घेतला, की तो बारीला बांधला गेला. मग ताप असो, घरात काही असो. नारळ घेऊन जो बसला नाही तो समोरच्याला घाबरला, असाच अर्थ होतो. मग त्याला कोणी नारळ देत नाही.

"जगूबुवा?" देसाईकाका माझ्याकडे बोट करत हसले. "अगं, तो ऐनवेळी पळालेला ना? नीलिमानं त्या दिवशी निभावून नेलं म्हणून, नाहीतर आपली काही धडगत नव्हती."

"गळा चांगला आहे हो त्यांचा," अनघा म्हणाली.

"गळा असेल. बूड नाही ना एका जागी!" सावंत म्हणाले, आणि सगळे हसले.

अनघाने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, मी काहीतरी बोलेन. मी म्हटलं, "पुढचा विषय घेऊया. उशीर होतोय." – उशीर कसला? चहाही अजून गरम होता.

जगूबुवा पळाले नव्हते.

आता सांगतेच. तो आमचा पहिलाच कार्यक्रम होता. सावंत तेव्हा काठावर होते. "ताई, पहिला कार्यक्रम भरला तर दर शनिवारी जागा तुमची. नाही भरला तर मला परत गळ घालू नका," असं त्यांनी हसत हसत पण साफ सांगितलं होतं. मी बारी ठरवली. एका बाजूला मुंबईचा नाव असलेला बुवा, दुसऱ्या बाजूला आमचे जगूबुवा. जगूबुवांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बागांचे पंप, घरचे पंखे-मिक्सर असली कामं. मी स्वतः दुकानात जाऊन नारळ दिला. त्यांनी हात पुसले, दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "ताई, आपल्या गावात आपल्याला कोणी इचारतं, हेच मोठं हाय," म्हणाले. पोस्टरवर त्यांचा फोटोही टाकला मी. कोट घातलेला, लग्नातला.

कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा मुंबईच्या बुवाचा फोन आला. त्याची एक ठरलेली जोडी होती. दोघांच्या बाऱ्यांचे व्हिडिओ लोक मोबाइलवर बघायचे. त्याने विचारलं, "समोर माझा जोडीदारच आणू का? गर्दी हमखास." विचारलं हं – अट घातली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर तो जगूबुवांसमोर बसला असता. बिनतक्रार बसला असता.

मी हो म्हटलं. का? कारण मला वाटलं, जगूबुवांसाठी खुर्च्या भरणार नाहीत. रोजचा दिसणारा माणूस, पंखा दुरुस्त करणारा, त्याला ऐकायला कोण येणार? गावभर मी जे सांगत हिंडत होते, त्यावर माझाच विश्वास नव्हता.

बरं, तेही चाललं असतं. समोर जाऊन सांगायचं होतं – बुवा, मी तुम्हाला काढते आहे, राग धरू नका. ते मला जमलं नाही. मी फोन केला, आणि म्हटलं की बारी रद्द झाली, पाहुण्यांचं नुसतं भजन होणार आहे. ते म्हणाले, "आसू दे, ताई. येळेवर कळवलात. पोरं तालमीला बसलीत, त्यांना सोडतो घरी." समितीला मी सांगितलं, जगूबुवा येत नाहीयेत, पण मी दुसरी सोय केली आहे. काकांनी माझी पाठ थोपटली. 'ऐनवेळी नीलिमाच पाहिजे' हे त्या दिवसापासून सुरू झालं.

कार्यक्रमाला अंगण भरून लोक बाहेर उभे होते. दोन्ही मुंबईचे बुवा समोरासमोर बसले आणि मागून ओरडा सुरू झाला.

"आमचा बुवा कुठाय?"

"पोस्टरवर तर कोट घालून हुता!"

लोक आमच्या बुवासाठी आले होते. सगळे नाही, पण बरेच. ते मला तेव्हा कळलं. अजूनही वेळ होती, नाही का? दुकान काही लांब नव्हतं, कोणालाही स्कूटरवर पाठवता आलं असतं. मी माईक घेतला आणि म्हटलं, "जगूबुवांनी नारळ घेतला होता, पण ऐनवेळी येणार नसल्याचं कळवलं आहे. आपण त्यांना समजून घेऊया."

वर आणखी 'समजून घेऊया'!

मग कोणीतरी म्हणालं, "आत्ता तर दुकानात बघितला, धडधाकट हाय!" आणि मग शिट्ट्या. "पळाला रे!" "मुंबईवाल्याला बघून कॉइल जळली बुवाची!" सगळं अंगण हसलं. मुंबईच्या बुवाने हे पकडलं आणि गजर गाता गाता त्यावर एक कडवं रचलं. त्यात त्याचा दोष नाही, डबलबारीत असंच असतं, आणि जगूबुवांचं येणं तसंही नक्की नाही, असं मीच त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं. ते कडवं लोकांनी मोबाइलवर घेतलं. चिपळूणपर्यंत गेलं, गुहागरला गेलं, मुंबईतल्या मंडळांतही फिरलं.

दुसऱ्या दिवशी जगूबुवा माझ्याकडे आले. पायरीवरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. पिशवीतून नारळ काढून कठड्यावर ठेवला.

"ताई, माईकवर तुम्ही काय बोललात?"

मी म्हटलं, "अहो, गर्दी केवढी होती! काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं यंत्र उघडून आत काय जळलंय ते बघावं तसं. "बरं," म्हणाले, आणि गेले. त्यांनी गावात कोणाला काही सांगितलं का? सांगितलं असेलही. पण समितीची चिटणीस एकीकडे आणि पळालेला बुवा एकीकडे, कोण कोणाचं खरं मानणार?

तो नारळ मी त्याच दिवशी फोडला. घरात नारळ नव्हता, आणि चांगला नारळ वाया का घालवायचा? खवला, सोलकढी केली. सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. मीही प्यायले. हे मला का सांगावंसं वाटतं, कोण जाणे. माईकवरचं वाक्य मी घाबरून बोलले असं म्हणता येईल. नारळ मी शांतपणे खवला.

पुढे जगूबुवांना कोणी नारळ दिला नाही. त्यांचा पखवाजवाला मुंबईला गेला, सिक्युरिटीत लागला. हेच टाळायला आमची समिती होती. कोरसमधली पोरं इतर मंडळांत विखुरली, त्यातली काही आता आमच्या शनिवारी गातात आणि मी त्यांची ओळख करून देते. गेल्या गणपतीत एका ओळखीच्या घरी आरतीला गेले तर भजनाला जगूबुवा बसलेले. मागच्या ओळीत, भिंतीला टेकून, झांज घेऊन. यजमानांनी पेटी त्यांच्यासमोर सरकवली, "बुवा, एक तरी होऊ दे." त्यांनी पेटी पुढच्या पोराकडे ढकलली. "घसा बसलाय," म्हणाले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी प्रसाद घेतला आणि निघाले.

आज सभा संपल्यावर मकबूलभाई वायर गुंडाळत होते. म्हणाले, "त्या पहिल्या बारीला तुम्ही बोलायला लागलात ना, तर मीच आवाज वाढवला होता. म्हटलं, मागच्यांना ऐकू जाऊ दे." त्यांच्या मनात काही होतं की सहज बोलले, मला कळलं नाही.

मला वाईट वाटतं असं लिहिणार होते, पण वाईट वाटून मी काय केलं? वर्षानुवर्षं माईक माझ्या हातात होता. दर शनिवारी. त्यांच्यासमोर जाऊन बोलायचं आणि मग त्याच अंगणात, त्याच माईकवर सांगायचं – एवढंच करायचं होतं. त्याने समितीचं नाव जाईल, सावंत कदाचित जागा देणार नाहीत, गाणाऱ्या पोरांचं नुकसान होईल, ही कारणं मी स्वतःला सांगत आले. ती खरी असतीलही. पण मी गप्प राहिले ती त्यांच्यासाठी नाही. मला 'ऐनवेळी नीलिमाच पाहिजे' हे ऐकायला आवडतं.

गेल्या आठवड्यात मी बुवांच्या दुकानात गेले होते. सांगायलाच गेले होते, पण रिकाम्या हाताने जायला धीर होईना म्हणून घरचा मिक्सर घेऊन गेले. तो थोडा घरघरत होता, एवढंच. बुवांनी जार बाजूला ठेवला, खालचं झाकण उघडलं, बोटाने काहीतरी फिरवून बघितलं. "मोटारीचे कार्बन गेलेत. नवे टाकून ठेवतो, ताई." दुकानात आम्ही दोघंच होतो. बाहेर एक टेम्पो मागे येत होता, त्याचा आवाज थांबला की बोलू असं ठरवलं. टेम्पो थांबला. मी म्हटलं, "घाई नाही हो," आणि आले.

मिक्सर तयार असल्याचा त्यांचा फोन येऊन गेलाय. येत्या शनिवारी मोसमाची पहिली मैफल आहे, निवेदन माझ्याकडे आहे. मिक्सर आणायला जायचं अजून राहिलंय.