उलट्या मॅडम

कुठलाही प्रोग्राम शेवटच्या ओळीपासून वाचणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. अमरावतीच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सगळे त्यांना पाठीमागे 'उलट्या मॅडम' म्हणायचे. मूर्तिजापूरच्या या बाई वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून उघडायच्या. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मनातून आवडतही असावं.

नवा होतो तेव्हा मीही हसलोय. मग अकोल्याच्या एका तपासणी केंद्राचं काम आलं. रुग्णांनी आपला रिपोर्ट मोबाइलवर पाहायचा. आमच्या फंक्शनल भाषेत मुख्य फंक्शनभोवती मिडलवेअरचे, म्हणजे आत येणारी मागणी आणि बाहेर जाणारं उत्तर वाटेत हाताळणाऱ्या तुकड्यांचे, थर गुंडाळायचे असतात. मी दोन गुंडाळले. वरच्या ओळीत लॉगिन तपासणारा, खालच्या ओळीत एकदा दिलेलं उत्तर जपून ठेवून पुन्हा झटकन देणारा. लॉगिन वर, म्हणजे तोच आधी चालणार, अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी ते सुरू व्हायचं होतं.

मॅडमनी फाइल उघडली, अर्थात खालून, आणि थबकल्या. "काहून रे, हे कोणाले दाखवून राहिला?"

त्यांनी लॉगिन न करताच ब्राउझरमध्ये रिपोर्टचा पत्ता टाकला. चाचणीसाठी मी मघाशी लॉगिन करून पाहिलेला रिपोर्ट जसाच्या तसा समोर! उद्या एखाद्या बाईचा आजार अख्ख्या गल्लीनं वाचला असता.

"मे महिन्यात बाहेर निघतांना आपण पयले शर्ट घालतो, मंग वरून दुपट्टा गुंडाळतो. ऊन पयले कोणाले लागते?"

"दुपट्ट्याला."

"मंग! जे शेवटी गुंडाळलं तेच दारात पयले भेटते. घाम मात्र आतून येते, तो पयले शर्टाले लागते. मागणी म्हंजे ऊन, उत्तर म्हंजे घाम."

महिनाभर पुस्तकं चाळून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते या बाईंनी दुपट्ट्यात बांधून दिलं. मी लॉगिनची ओळ उत्तर जपणाऱ्या ओळीच्या खाली नेली. साहेबांना त्या एवढंच म्हणाल्या, "दोन ओळी बदलवल्या." माझं नाव कुठेच आलं नाही.

मागच्या वर्षी त्या नोकरी सोडून मूर्तिजापूरला परतल्या. निरोपाच्या कार्डावर वरच्या जागेसाठी सगळ्यांची झुंबड उडाली. मी थांबलो आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात सही केली. मॅडमनी कार्ड उघडलं. नजर सरळ खाली गेली.

"सगळ्यात शेवटी लिहिलं काय रे?"

"हो, मॅडम."

डोळे पुसत त्या हसल्या. "मंग पयला तूच भेटला."