मास्तर बंद, बाकी सगळे चालू

आमच्या धंद्यात किस्से साचतात ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या धुळीसारखे. रोज काही दिसत नाही. मग एक दिवस पंखा घरघरायला लागतो, झाकण उघडावं तर आत हा थर! परवा जुन्या सीड्यांचा डबा आवरायला घेतला आणि तसंच झालं. आवरणं राहिलं बाजूला. मेधा जेवायला बोलावून बोलावून दमली आणि मी आपला एकटाच हसत बसलेलो.

मेधा म्हणजे माझी बायको. दोन हजार सालाच्या आसपास ती रोज फोर्टात ऑफिसला जायची आणि मी वसईला एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून फ्रीलान्स ‘इंटरॅक्टिव्ह डेव्हलपर’ होतो. सीडीवर किंवा वेबसाईटवर अशी चित्रं बनवायची की क्लिक केलं की त्यांच्यात काहीतरी घडेल, असं ते काम. सोसायटीचा समज मात्र असा होता की माझी नोकरी गेली आहे आणि मेधा बिचारी निभावून नेते आहे. शेजारच्या काकू दुपारी वाटीभर भाजी आणून द्यायच्या. भाजी चांगली असायची, त्यामुळे मी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. इकडच्याच राजोडी बीचवरच्या एका रिसॉर्टवाल्याला वेबसाईटवर हलत्या लाटा हव्या होत्या. दिल्या करून. त्या काळच्या इंटरनेटवर त्या लाटा पूर्ण दिसेपर्यंत माणूस खऱ्या राजोडीला जाऊन पाय भिजवून आला असता!

*

माझे सासरे नाना चिपळूणहून पहिल्यांदा राहायला आले तेव्हा जावई दिवसभर घरी, हे काही त्यांना पचेना. शेवटी त्यांनी विचारलंच, “तुम्ही नक्की करता काय?”

तेव्हा एका फर्निचरवाल्याचं काम चालू होतं. स्क्रीनवर दिवाणखाना, कोपऱ्यात टेबललॅम्प. लॅम्पवर क्लिक केलं की तो लागायचा आणि भिंतींवर पिवळा उजेड पडायचा. मी नानांच्या हातात माऊस दिला. त्यांनी चष्मा लावला, क्लिक केलं. दिवा लागला. पुन्हा क्लिक केलं. दिवा गेला. मग चहा होईपर्यंत नाना तेच करत होते. तोंडातून एक शब्द नाही. माझ्या कामाला लोकांनी बरंवाईट पुष्कळ म्हटलंय, पण असं गप्प होऊन कोणी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मेधाने चहाला हाक मारली. नाना उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले, लॅम्पवर क्लिक करून तो मालवला आणि म्हणाले, “उगाच जळत कशाला ठेवायचा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं तर दिवा पुन्हा चालू. नाना नाराज झाले. मी समजावलं की प्रोग्रॅम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो.

“म्हणजे माणूस काय करून गेला, ते याला आठवतच नाही?” नाना म्हणाले. “मग एवढं मोठं मशीन कशाला?”

त्या दुपारी बसून मी त्या दिव्याला आठवायला शिकवलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात ती सोय असते. तुम्ही जसं ठेवून गेलात, तसंच परत आल्यावर सापडेल. कोणी मागितली नव्हती आणि कोणाच्या लक्षातही आली नाही. एक गिऱ्हाईक सोडून.

*

ते गिऱ्हाईक फोनवर भेटलं. कुवेतहून लॉरेन्स नावाच्या माणसाचा फोन आला. मूळचा आमच्या वसईतल्याच, निर्मळजवळच्या एका गावातला. आवाज तुटत होता, तरी पहिलं वाक्य स्पष्ट ऐकू आलं. “माझ्या बाबांचे दात काढायचेत. त्याच्या आत तुम्ही सीडी कराल का?”

मी म्हटलं राँग नंबर. दाताच्या दवाखान्याऐवजी इकडे लागला असेल.

तर भानगड अशी होती. त्याचे वडील, इनास मास्तर, गावच्या बँडचे मास्तर. लग्न असो, चर्चचा सण असो, पुढे मास्तरांचा बँड. मास्तर स्वतः कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. तो ओठांवर दाबून फुंकायचा तर मागे समोरचे दात भक्कम लागतात. मास्तरांचे हलत होते आणि डॉक्टरांनी सगळे काढायचं ठरवलं होतं. कवळीवर ते वाजवणं जमत नाही. आणि गाण्याची चाल तर सगळी कॉर्नेटच्या तोंडी! कॉर्नेट नाही तर बँड नाही. लॉरेन्स स्वतः कुवेतला, बाकीचे वाजवणारे वयस्कर, नवीन पोरांना डीजे हवा. मास्तरांनी घरात सांगून टाकलं होतं की दात गेले की बँड बंद.

“निदान ऐकायला तरी राहू दे,” लॉरेन्स म्हणाला.

दातांवर बेतलेली डेडलाईन मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

*

माझ्या डोक्यात डिझाईन पक्कं होतं. स्क्रीनवर अख्ख्या बँडचा फोटो. ज्याच्यावर क्लिक कराल तो वाद्य खाली घेऊन गप्प होईल, बाकीचे वाजवत राहतील. पुन्हा क्लिक केलंत की तो पुन्हा सुरू. त्यासाठी प्रत्येकाचं वाजवणं वेगवेगळं रेकॉर्ड करायला हवं होतं. हे मी मास्तरांच्या ओटीवर समजावून सांगितलं. सगळे आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. माझ्यापर्यंत फक्त हसू पोचलं.

कारण त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात एकट्याने वाजवलं नव्हतं! मास्तरांच्या शेजारी राहणारा सायमन मोठा ढोल वाजवायचा. तो हेडफोन लावून बसला आणि अख्ख्या गाण्यात त्याचं आपलं धम्... धम्... आणि मधल्या शांततेत खिडकीबाहेर बायका हसतायत. क्लॅरिनेटवाल्याची बायको तर ऐकून गंभीरच झाली. म्हणाली, “इतकी वर्षं हा एवढंच वाजवत होता?”

दुसरी अडचण याहून मोठी. कोणाला सुरूच करता येईना. मास्तर उजवी भुवई उचलायचे आणि बँड सुरू व्हायचा. मी ‘वन, टू, थ्री’ म्हणून पाहिलं, हात हलवून पाहिला. सगळे आपले माझ्या भुवईकडे बघत बसलेले. शेवटी मास्तरांना खुर्ची घालून प्रत्येकासमोर बसवलं. त्यांनी भुवई उचलली की समोरचा बरोबर जागेवर सुरू व्हायचा.

मास्तरांनी स्वतःचं शेवटी वाजवलं. डावा हात गालावर धरून, कारण दुखत होतं. वाजवून झाल्यावर कॉर्नेट फडक्याने पुसला, पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, “झालं आमचं.” दातांचं म्हणत होते की बँडचं, ते मी विचारलं नाही.

*

सीडी दाखवायला मी माझं मशीनच घेऊन गेलो. रिक्षात मॉनिटर मांडीवर, वर मेधाची चादर. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघायचा. त्याला बहुतेक वाटलं पेशंट आहे.

ओटी भरली होती. माऊस धरायला मास्तरांची सून पुढे झाली, लॉरेन्सची बायको सुनीता. दुपारच्या शाळेत शिकवायची, चर्चच्या गायनमंडळात गायची, नोटेशन वाचायची आणि कॉम्प्युटरचा क्लास केलेली घरात ती एकटीच. तिने सायमनवर क्लिक केलं. फोटोतल्या सायमनने काठी खाली घेतली आणि गाण्याच्या पायाखालची जमीनच गेली. पुन्हा क्लिक केलं, धम्! ओटीवरचा सायमन ताठ बसला. आपल्यावाचून गाणं कसं पांगळं होतं हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग प्रत्येकाला स्वतःला बंद करून बघायचं होतं. एकेक जण बंद व्हायचा, आपली मोकळी जागा ऐकायचा आणि चालू झाला की हळूच डोळे पुसायचा. ते बघून मीही चकित झालो. मी केवळ बटणं बनवली होती.

फक्त मास्तरांवर कोणी क्लिक केलं नाही. मी म्हटलं, करून बघा. सुनीताने माऊस तिथपर्यंत नेला आणि बाजूला काढून घेतला. मास्तरांना गप्प बसवायची हिंमत त्या ओटीवर कोणाचीच नव्हती.

लॉरेन्सने घरी कॉम्प्युटर घेऊन दिला. मास्तरांचे दात गेले, कवळी आली. त्या वर्षीच्या सणाला शेजारच्या गावातला एक कॉर्नेटवाला उसना आणून भागवलं. रोज संध्याकाळी मास्तर कॉम्प्युटरसमोर बसून आपला बँड ऐकतात, असं लॉरेन्स फोनवर सांगायचा.

*

पुढच्या वर्षी सण जवळ आला आणि मास्तरांचा फोन आला. “तुमची सीडी बिघडली. येऊन बघा.”

एसटीतून उतरलो तर फाट्यावर सायमन सायकल धरून उभा. चालता चालता त्याने बातमी दिली की उसन्या कॉर्नेटवाल्याने यंदा जमणार नाही म्हणून कळवलंय. मास्तर चर्चमध्ये जाऊन बँड बंद केल्याचं सांगणार आहेत, रविवारची प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर. मग सायकल थांबवून त्याने विचारलं, “कॉम्प्युटरवाले, सीडी मुरते का हो?”

मी म्हटलं, म्हणजे?

“नवीन होती तेव्हा सकाळी सकाळी मास्तर त्याच्यात फार बेसूर वाजवायचे. भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचं. आता नाय तसं. आता मस्त वाजवतात. मुरली असेल.”

लोणच्यासारखी सीडी मुरत असती तर माझा धंदा फार बरा चालला असता. मी हसण्यावारी नेलं.

*

मास्तर ओटीवर वाटच बघत होते. तक्रार एकच. “बाकी सगळे वाजवतात, मी तेवढा बंद. रोज संध्याकाळी लावतो तर मी कॉर्नेट खाली घेऊन उभा! मी मला चालू करतो, ऐकतो, उठतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद.” मग आवाज उतरला. “मशीनलाही कळलं बहुतेक.”

मी तपासलं. सगळं तपासलं. बिघाड कुठेच नव्हता. आणि मग मला नानांचा दिवा आठवला. प्रोग्रॅम काही चुकत नव्हता. त्याला फक्त आठवत होतं. शेवटचा माणूस जसं ठेवून गेला, तसंच तो दाखवत होता.

मी विचारलं, “मास्तर, सकाळी तुम्ही कुठे असता?”

“सकाळी मी वाडीत. केळींना पाणी.”

“मग सकाळी कॉम्प्युटर कोण लावतं?”

मास्तरांची बायको घाईघाईने उठून स्वयंपाकघरात गेली. सुनीता दारात उभी होती. तिच्या वरच्या ओठावर मधोमध एक गोल लालसर वळ होता. मला त्याचा अर्थ कळला नाही. मास्तरांना कळला. तसा वळ त्यांनी जन्मभर आरशात पाहिला होता.

मग सुनीता खाली बघत म्हणाली, “तुमचं चालू ठेवलं ना बाबा, की माझी चूक मला ऐकू येत नाही.”

मास्तर उठले. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी कपाटावरची पेटी काढली, उघडली. आत बघत राहिले. कॉर्नेट नव्या फडक्यात गुंडाळलेला होता. त्यांनी तो काढून सुनीताच्या हातात दिला आणि खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करून तिच्यासमोर बसले. मला हाताने खूण केली. मी क्लिक केलं. पाठीमागे बँड सुरू झाला, चाल नसलेला, मधोमध मोकळी जागा ठेवून चाललेला.

मास्तरांनी उजवी भुवई उचलली.

पुढचं काय सांगू! सुनीताने बरोबर जागेवर चाल उचलली आणि ती मोकळी जागा भरली. मध्येच पलीकडून धम्... धम्... ऐकू यायला लागलं. सायमन त्याच्या अंगणात ढोल घेऊन उभा होता.

गाणं संपलं. मास्तरांनी कवळी काढली, फडक्याने पुसली, परत बसवली. मी विचारलं, सीडीत काही बदल करायचा का? फोटोत सुनीताला घ्यायचं का?

“नको,” मास्तर म्हणाले. “मला काढू नका. बंद असतो तसाच राहू दे. एखाद्या दिवशी तिला सर्दीबिर्दी झाली तर लागेन मी.”