अंबाजीनं घासलेला रेडिओ

सन अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. बेडशाची लेणी ज्या डोंगरात आहेत, त्याच्याच कुशीतल्या एका गावाला सरकारकडून रेडिओ मिळाला. गावात वीज नव्हती. ती येणार अशी बातमी तेवढी आली होती. म्हणून रेडिओ बॅटरीवरचा होता. बॅटरी म्हणजे विटेएवढा जड ठोकळा. रेडिओ पेटाऱ्यासारखा, पुढून कापड लावलेला, उजव्या हाताला एक गोल खुंटी. तिला गाव 'कान' म्हणायचं. कान पिरगाळला की आत 'टक्' व्हायचं आणि जरा वेळानं पेटारा बोलू लागायचा.

हा ऐवज कुणाच्या ताब्यात द्यायचा यावर मारुतीच्या देवळात सभा भरली. सरपंच दत्तोबानं शेवटी तोड काढली. "ज्याच्या घरचा कंदील सगळ्यात सवच्छ, त्याच्याकडं." यावर कुणाला बोलायला जागाच उरली नाही. अंबाजीच्या कंदिलाची काच अशी असे, की आत माशी शिरली तर बाहेरून तिचे पाय दिसावेत. रोज तिन्हीसांजेला हा गृहस्थ ओसरीवर बसून, चुलीतली राख वस्त्रगाळ करून, मऊ धोतराच्या फडक्यानं काच घासायचा. त्याची बायको कस्तुराबाई म्हणायची, "एवढं लाड माजं केलं आसतं तर मीबी उजेड पाडला आसता."

रेडिओ देवळातल्या कोनाड्यात बसला आणि अंबाजी त्याचा पुजारी झाला. बरोबर आलेल्या सरकारी माणसानं सूचना मोजक्याच दिल्या होत्या: ओल लागू देऊ नये, बॅटरीच्या तारा उलट जोडू नयेत आणि पाठीमागची फळी उघडू नये. अंबाजीनं त्यांत आपल्या मनाची भर घातली. रेडिओकडे पाय करून बसू नये. बातम्या चालू असताना शिंकू नये. पावसाळ्यात तर त्यानं रेडिओला घोंगडी पांघरली. मावळातला पाऊस म्हणजे पेटीतल्या कपड्यांनासुद्धा बुरशी आणणारा. रेडिओचं काय घेऊन बसलात! आवाज खरखरू लागला तर गावाचे उपायही ठरून गेले होते. पहिला, वरून हलकी थाप. दुसरा, पिंपळावर चढवलेली एरियलची तार हलवून बघणे. तिसरा, बॅटरी उन्हात वाळत घालणे. तिन्ही फसले तर 'पुण्यालाच पाऊस पडत असंल' असं म्हणून घरी जाणे. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी रेडिओ आपला आपण सुधारायचा. माणसांची दुखणीही तेव्हा साधारण याच पद्धतीनं बरी होत.

संध्याकाळी गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की देऊळ भरून जायचं. वरच्या ठाकरवाडीचा बुधा तर रोज डोंगर उतरून येई. मध काढणारा, कारवीच्या काठ्या विकणारा, चाळिशीचा गडी. तो देवळाच्या पायरीवर बसून ऐकायचा. ऐकताना डोळे मिटायचा आणि गाणं संपलं की उघडायचा. अंबाजीला हा श्रोता फार आवडे, कारण तो मधेच भावकीची भांडणं काढत नसे.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रम संपला तेव्हा अंबाजी म्हणाला, "बुधा, आज तू बंद कर. फिरव कान." बुधानं हात पंच्याला पुसले, दोनदा पुसले, आणि खुंटी फिरवली. टक्. जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजाला गप्प केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर पसरला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरोघर नांगर, कोयते, विळे धुऊन पुसून पूजेला मांडलेले. अंबाजीच्या मनात आलं, आपलं हत्यार हेच; मग याला का उपाशी ठेवायचं? दुपारी देवळात कुणी नव्हतं. त्यानं पाठीमागची फळी काढली. आत धूळ आणि कोळ्याची जाळी. ती त्यानं हळुवार काढली. इथवर थांबला असता तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. पण जाळ्याच्या आड त्याला दिसल्या चार काचा. बोटभर उंचीच्या, गोल, नाजूक, आणि धुरकट! ज्याच्या कंदिलाच्या काचेची ख्याती पंचक्रोशीत, त्याच्या रेडिओत धुरकट काचा?

रेडिओचे व्हॉल्व्ह म्हणजे हेच काचेचे दिवे. ते चारही त्यानं उपटले, घरी नेले आणि राखेनं घासले. त्यांच्यावर काहीतरी पांढरं छापलेलं होतं. तो डागच समजून त्यानं तेही जिद्दीनं घालवलं. मग चारही चकचकीत दिवे परत जागच्या जागी खोचले. म्हणजे आपल्या समजुतीनं जागच्या जागी. भोकं सगळ्यांची सारखी, खाली तारा सारख्या. गाईला कुठल्याही दावणीला बांधा, दूध तेवढंच, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी कान पिरगाळला. टक् झालं. पुढे काही नाही. थाप मारली. तार हलवली. काही नाही.

"काल तर ठणठणीत व्हता," दत्तोबा म्हणाला. "हात कुनी लावला?"

अंबाजीनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात केरबा, ज्याला गावात प्रत्येक गोष्ट आधी बोलायची घाई, तो म्हणाला, "काल बुध्यानं न्हाई का कान पिळला! दगडावानी हात त्येचा. मोडून टाकला!"

सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या. बुधा उठून उभा राहिला होता. "म्या हळूच फिरवला," तो म्हणाला. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, "पर जोर लागला आसंल."

अंबाजीचं तोंड अजून उघडंच होतं. त्यातून जांभई बाहेर पडली आणि ते मिटलं. एका जांभईत माणूस किती खाली जाऊ शकतो हे त्याला त्या संध्याकाळी कळलं.

बुधा यायचा बंद झाला. आठवड्याच्या बाजारात त्याची बायको हिरी काठ्या विकायला बसली की बाया म्हणत, "हिच्याच धन्यानं रेडू मोडला." देवळात संध्याकाळी लोक जमत, मुक्या पेटाऱ्याकडे बघत आणि बुधाच्या नावानं बोटं मोडून पांगत. अंबाजी कोनाड्याशेजारी बसून राही. त्याच्या घरच्या कंदिलावर काजळी धरली. काच हातात घेतली की त्याला दुसऱ्याच काचा आठवत.

एका सकाळी हिरी ओसरीसमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर मधाचं मडकं. "धन्यानं दिलंय," तिनं सांगितलं. "म्हनला, मोडलं त्येनं भरावं. आनि लोनावळ्याला दुरुस्तीला न्याल तवा सांगा, वझं त्यो न्हेईल."

कस्तुराबाईनं मडकं उतरवून घेतलं. हिरी वळणाआड गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "राख माज्या चुलीची व्हती. म्या बगितलंय समदं. आता तुमी सांगताय का मी सांगू?"

"सांगतो गं. पर आदी दुरुस्त होऊ दे. मोडका आसताना सांगितलं तर लोक खवळत्याल. वाजाय लागला की हसत्याल आनि इसरत्याल."

"आनि तवर बुधानं शिव्या खायाच्या?"

त्या दिवशी भाकरीबरोबर मध वाढलेला होता. अंबाजीनं बोट बुडवलं आणि तसंच पुसून टाकलं. अपराधी माणसाला मध गोड लागतो की कडू, हे विचारू नका. त्याला तो चिकट लागतो.

लोणावळ्याला निघाले ते दोघंच. रेडिओ गोधडीत गुंडाळून, टोपलीत घालून बुधानं पाठीवर घेतला. खिंडीच्या चढाला अंबाजी मागून म्हणाला, "दे जरा माझ्याकडं."

"नगं भाऊ. माजा गुन्हा, माजी पाठ."

अंबाजी सगळी वाट त्या पाठीकडे बघत चालला. दगड आला की बुधा पाय चाचपून टाकी आणि टोपलीला मागं हात लावून म्हणे, "घाबरू नगंस, हळू न्हेतो." कामशेतला गाडीत बसतानाही त्यानं टोपली मांडीवर घेतली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तान्हं आजारी हाय का?" बुधा म्हणाला, "व्हय. बोलंना झालंय."

लोणावळ्याच्या बाजारपेठेत सीताराम मेकॅनिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. तीत सीताराम आडवा शिरायचा. त्यानं फळी काढली, आत डोकावला आणि हसत सुटला.

"अरे, हे दिवे घासले कुणी? आरशासारखे केलेत! नावंसुद्धा पुसून टाकलीत वरची. आणि चौघांनाही चुकीच्या घरी बसवलंय." तो एकेक दिवा उचलून, आतल्या तारा उजेडात निरखून, जागा बदलू लागला. "नवरा एका घरात, बायको दुसऱ्या. कसा संसार चालायचा?"

"म्या न्हाई घासलं," बुधा गोंधळून म्हणाला. "म्या निस्ता कान फिरवला व्हता. कान फिरवल्यानं मोडतो का साहेब?"

"कान फिरवायलाच दिलेला असतो, बाबा. त्यानं कसा मोडेल?" सीतारामनं खुंटी फिरवली. टक्. जरा वेळानं खरखर, आणि मग फटीतल्या त्या दुकानात एक बाई ठसक्यात गायला लागली.

बुधाच्या तोंडावर आधी आनंद आला. मग तो हळूहळू ओसरला आणि त्यानं अंबाजीकडे बघितलं. रेडिओची फळी उघडायला गावात दुसरं कोण होतं? अंबाजी दुकानाबाहेर बघत म्हणाला, "चला, गाडीची येळ झाली." गाडीला अजून खूप अवकाश होता. स्टेशनवर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. मध्ये टोपली. बोलायला सबंध दुपार मिळाली आणि ती सबंध दुपार अंबाजीनं सिग्नलकडे बघण्यात घालवली.

परतीच्या वाटेवर बुधा टोपलीशी बोलला नाही.

संध्याकाळी रेडिओ कोनाड्यात बसला, बोलला आणि देऊळ आनंदानं दुमदुमलं. लोकनाट्य लागलं होतं. सोंगाड्याचा पहिलाच विनोद झाला आणि हशा पिकला. बुधा पायरीवर टेकत होता, तेवढ्यात केरबा ओरडला, "ए बुध्या, तितंच थांब! लांबनं ऐक. परत मोडशील!"

रिकामी टोपली उचलून बुधा वळला.

अंबाजीनं हात घातला आणि रेडिओ बंद केला.

ऐन लोकनाट्यात! देवळातून असा आरडाओरडा झाला की पिंपळावरचे कावळे उठले. "आरं लाव! येड लागलं का!" दत्तोबा गुडघ्यावर उभा राहिला.

"लावतो," अंबाजी म्हणाला. त्याचा आवाज चिरका निघाला. "आदी ऐका. बुधानं कायबी मोडलं न्हवतं. म्या मोडला. खंडेनवमीला आतलं दिवं काढून राखेनं घासलं आनि उलटंसुलटं बसवलं. मला तवाच ठावं व्हतं. म्या बोललो न्हाई."

केरबालाच पहिलं हसू फुटलं. "राखेनं? रेडू राखेनं घासला? आरं, आंघोळ तरी घालायची व्हतीस!" सगळं देऊळ हसलं. दत्तोबा डोळे पुसत म्हणाला, "मर्दा, यवढंच ना! लाव आता, सोंगाड्या निगून जाईल."

अंबाजीनं मनात धरलं होतं अगदी तसंच झालं होतं. लोक हसले होते, विसरायलाही लागले होते. पण त्याला वाटलं होतं की मग छातीवरचा धोंडा उतरेल. तो होता तिथंच होता, कारण एक माणूस हसत नव्हता.

"भाऊ," बुधा पायरीवरून म्हणाला, "हितं सांगितलंत, बरं केलंत. पर वाडीवर समद्यास्नी आजून वाटतंय का म्याच मोडला. माजा बाबा म्हनतो, सरकारची चीज मोडली, आता शिपाई येनार. रातचा झोपत न्हाई म्हातारा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंबाजी ठाकरवाडी चढला. झोपडीझोपडीपुढे उभा राहून त्यानं तेच सांगितलं. इथं कुणी हसलं नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, बसायला घोंगडी दिली. बुधाच्या म्हाताऱ्या बापानं पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हंजी शिपाई न्हाई येनार?" आणि अंबाजी पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "न्हाई आबा. आला तर माझ्याकडं येईल." हिरीनं गुळाचा चहा पुढे केला. तो हातात धरून बसलेला अंबाजी फार वेळ प्यायला नाही.

बुधा पुन्हा देवळात येऊ लागला. आता गाव त्याला पायरीवर बसू देत नसे. आत, कोनाड्याजवळ बोलवी. तो डोळे मिटून ऐके, गाणं संपलं की उघडे. कार्यक्रम आटोपला की अंबाजी दर वेळी म्हणे, "बुधा, फिरव कान." बुधा हसून म्हणे, "तुमीच फिरवा, भाऊ."

अंबाजी फिरवायचा.